हरलेल्याचा बोजारा

पोळ्याच्या झडतीत दादाजीला हरवील असा माणूस नार्नूरच्या आसपासच्या गावांत अजून जन्माला यायचा होता. हे मत गावाचं नव्हतं, खुद्द दादाजीचं होतं. पण गावानेही ते कधी खोडून काढलं नव्हतं. पोळ्याच्या दिवशी सजवलेल्या जोड्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभ्या राहिल्या की एकाने झडती, म्हणजे यमक जुळवलेल्या चार ओळी, ललकारायच्या आणि समोरच्याने तशाच ओळींत त्याला जबाब द्यायचा. ज्याची जीभ अडली तो हरला. दादाजीची जीभ अडत नसे. घरातसुद्धा अडत नसे, आणि त्याचा त्रास काय असतो ते शकुबाईला विचारावं. ती त्याची बायको होती.

त्याचं ठरलेलं गिऱ्हाईक म्हणजे सख्खा थोरला भाऊ यशवंतराव. दोघांच्या चुली वेगळ्या, पण वावरं लागून, आणि कापूस-ज्वारी दोघांचीही. यशवंतराव भारदस्त, मिशीवाला, चार माणसांत शब्दाला वजन असलेला. मात्र तोरणाखाली तो दरसाल धाकट्याकडून मार खायचा. यावरून भावाभावांत वितुष्ट येऊ नये म्हणून त्यांच्या बापाने, आबांनी, घरापुरता एक रिवाज घालून दिला होता. पोळा फुटला की बैल दारोदार नेतात, घरधनीण ओवाळते आणि बैल आणणाऱ्याच्या हातावर बोजारा म्हणून काहीबाही ठेवते. आबांनी ठरवलं की हरलेल्याने आपली जोडी सगळ्यांत आधी जिंकलेल्या भावाच्या दारी न्यायची आणि बोजारा तोंडाने मागायचा. जिंकलेल्याने नाही म्हणायचं नाही. जिंकून फिरलेलं डोकं देण्याने जागेवर येतं, असं आबा म्हणत. यशवंतराव पडला मानी. तो धाकट्याच्या दारी यायचा, दुसरीकडे बघत एक नारळ मागायचा आणि मग संक्रांतीपर्यंत त्याच्याशी धड बोलायचा नाही.

आबा गेले ते उन्हाळीने. निदान सगळं घर तसंच सांगत आलं होतं. लघवीला जळजळ झाली, सारखं उठावं लागलं, की या भागात उन्हाळी लागली म्हणतात; अंगातली उष्णता वाढली, एवढाच तिचा अर्थ. आबांच्या पायाच्या अंगठ्यांना चुना लावला. पळसाची फुलं भिजवून त्यांना पाणी पाजलं, धने-जिरे झाले, सब्जा झाला. पुढे त्यांनी कंबर धरली तेव्हा वात म्हणून शेक दिला. मग पाय गेले. शेवटी आबा भर थंडीत, शेकोटीच्या उबेला अंथरूण घातलेलं असताना गेले, आणि ऐन थंडीत कसली आली उन्हाळी, हा प्रश्न एवढ्या मोठ्या भावकीत एकालाही पडला नाही. दादाजीलाही नाही, आणि तो तर स्वतःला हुशार समजत होता.

हा प्रश्न पडला आदिलाबादच्या डॉक्टरला. शकुबाईची साखर तपासायला दादाजी तिच्याबरोबर गेला होता. डॉक्टर तेलुगू, हिंदीत बोलणारा. त्याने शकुबाईला विचारता विचारता दादाजीकडेही मान वळवली. "आपके पिताजी कैसे गुजरे?"

"उन्हाळी से," दादाजीने ठसक्यात सांगितलं.

"उन्हाळी मतलब?"

दादाजीने मतलब सांगितला. जळजळ, सारखं उठणं, मग कंबर, मग पाय. डॉक्टरने लेखणी खाली ठेवली. "गर्मी से कमर की हड्डी नहीं जाती, बाबा," तो म्हणाला. मग त्याने समजावलं, की लघवीच्या पिशवीखाली पुरुषाला एक ग्रंथी असते. वय वाढलं की ती बहुतेकांची वाढते आणि त्यात घाबरण्यासारखं नसतं. पण कधी कधी तिच्यात कॅन्सर होतो, आणि वेळेवर सापडला नाही तर तो हाडांत उतरतो. बापाला झाला असेल तर मुलांना धोका जास्त. रक्त तपासलं तर अंदाज येतो.

"मेरे को तो कुछ भी नहीं होता," दादाजी म्हणाला.

"इसीलिए अभी देखना है," डॉक्टर म्हणाला.

दादाजी उठून निघालाच होता. पण शकुबाईने त्याचा सदरा मागून धरला. "मले सुया टोचून राह्यले तवा तुमी हसत होते," ती म्हणाली, "आता काऊन पळता?" भरल्या दवाखान्यात बायको असं बोलल्यावर माणसाला दंड पुढे करावाच लागतो.

रक्तात आकडा वाढलेला निघाला. मग फोटो, मग तुकडा काढून तपासणं, आणि शेवटी हैदराबादला ऑपरेशन. गाठ लहान होती, ग्रंथीच्या बाहेर गेलेली नव्हती, आणि ती ग्रंथीसकट काढून टाकता आली. दादाजीला ती असल्याचं एक दिवससुद्धा जाणवलं नव्हतं. याचंच त्याला पुढे फार नवल वाटत राहिलं. घरात साप शिरला तर निदान फुत्कारतो. हा तर मुकाट्याने बसून होता.

ऑपरेशननंतर काही महिने लघवीवर ताबा राहत नाही, हे डॉक्टरने आधीच सांगितलं होतं. हळूहळू तो येत गेला. तरी फार वेळ उभं राहायचं असलं की दादाजी अजून धोतराच्या आत कापसाची पट्टी बांधायचा. ही गोष्ट घरात शकुबाईला आणि मुलगा प्रवीणला माहीत होती. शकुबाईने ती फक्त जावेला, कुसुमबाईला, सांगितली होती. म्हणजे ती यशवंतरावापर्यंत पोचली होती.

निघताना डॉक्टरने आणखी एक गोष्ट बजावली होती. सख्खा भाऊ असेल तर त्याचं रक्त तपासून घ्या, आणि मुलांनीही पंचेचाळिशीनंतर विसरू नका. दादाजी घरी आल्या आल्या भावाकडे गेला. यशवंतरावाने पुरतं ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "तुले झालं, तुह्यं बरं झालं. मले काही नाही."

"मलेबी काही नव्हतं, भाऊ."

"मंग तुले डॉक्टरनंच लावून देल्लं असन."

दादाजी पुन्हा गेला, पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला यशवंतराव त्याला बघताच मागल्या दाराने वावरात निघून गेला. अडाणीपणाचा राग येतो, पण आपल्या माणसाच्या अडाणीपणाची भीती वाटते. दादाजीला आता भीती वाटू लागली होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळून त्यांना आवतण द्यायचं असतं. दादाजी गोठ्यात ते करत असताना कुसुमबाई पदर सावरत आली. ती सहसा गोठ्याकडे येत नसे.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "त्याहीनं अंगठ्याले चुना लावला."

दादाजीचा हात बैलाच्या खांद्यावर थांबला. "कधीपासून?"

"लय दिवस झाले. मोजे घालून बसतात. म्हनतात, उन्हाळी लागली. मी पळसाची फुलं भिजवत होती, अन मले मामंजी आठवले." तिचे डोळे भरून आले. "तुमी त्याहीले कसंबी करून न्या. माहं ऐकत नाही तो मानूस."

"वयनी, तशी उन्हाळी बहुतेकायची साधीच असते," दादाजी म्हणाला. हे त्याने तिला धीर द्यायला सांगितलं आणि ते खरंही होतं. "पन आबा त्यातच गेले. उद्या तोरनाखाली मी भाऊले असा धरतो, की त्याले गावापुढं हो म्हनाच लागन."

त्याला स्वतःबद्दल तिळमात्र शंका नव्हती. भावाला चार ओळींत चीत करायचं, सगळ्या गावासमोर त्याच्या तोंडून हो वदवून घ्यायचं; आपल्या जिभेपुढे हे काय मोठं काम आहे? सकाळी त्याने पट्टी बांधली, वर कडक धुतलेलं धोतर नेसलं आणि झुली-बाशिंगं घातलेली जोडी घेऊन तोरणाकडे निघाला. शकुबाईने कासऱ्याला हळद-कुंकू लावलं आणि बजावलं, "जास्त बोलू नोका." हे ती दर पोळ्याला सांगायची.

तोरणाखाली गाव जमलं होतं. डफडं वाजत होतं. बाया ओसऱ्यांवर, पोरं भिंतींवर. किरकोळ झडत्या झाल्या, बैलांवर, दुकानदाराच्या तराजूवर, कुणाच्या तरी नव्या मोटारसायकलवर. मग दोघा भावांच्या जोड्या समोरासमोर आल्या आणि गर्दी आपोआप गप्प झाली. दादाजीने एक हात कानावर ठेवला.

"कपाशीले बोंड आलं, तुरीले आला बार,
ऐन थंडीत उन्हाळीनं बाप नेला पार.
थंडीत उन्हाळी आली कशी, सांगा कोनी जानता,
का भेव वाटते नाव घ्याचं, म्हून उन्हाळी म्हनता?
हर बोला, हर हर महादेव!"

गावाने महादेवाचा गजर उचलला, पण अर्ध्याच आवाजात. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अशी झडती कुणी ऐकलेली नव्हती. यशवंतरावाचा चेहरा लाल झाला. सगळ्यांना वाटलं, अडला. आणि तेवढ्यात त्याने छाती भरून घेतली.

"माह्या बैलाच्या झुलीवर रेशमाची पट्टी,
दाद्याच्या धोतरात पाहा कापसाची पट्टी.
ज्याच्या घरचा नळ गळते, बंद होत नाही धड,
तो म्हनते गावाले, दवाखान्याची गाडी चढ!
हर बोला, हर हर महादेव!"

असा हशा उसळला की बैल बुजले. लोकांनी टोप्या उडवल्या. ओसरीवरच्या बायांनी तोंडाला पदर लावले. शकुबाई मात्र हसली नाही; ती उठून उभी राहिली. दादाजीच्या कानशिलांतून वाफ निघाली. सख्ख्या भावाने, तेही ऑपरेशनवरून, तेही सगळ्या गावापुढे. त्याला मनापासून राग आला आणि रागासरशी जबाबही आला. दोनच ओळी, पण अशा, की यशवंतराव पुढची दहा वर्षं तोरणाकडे फिरकला नसता. त्या ओळी त्याच्या जिभेवर येऊन बसल्या.

त्याने भावाकडे पाहिलं. बैलांपुढे अनवाणी उभं राहायचं म्हणून यशवंतरावाने आज मोजे काढले होते. दोन्ही अंगठ्यांवर पांढराफेक चुना होता. आणि वर चेहऱ्यावर असा आनंद, की इतक्या वर्षांत दादाजीने तो तिथे पाहिलाच नव्हता. म्हातारा होत आलेला माणूस शाळेतल्या पोरासारखा फुलून गेला होता.

दादाजीला आत काहीतरी लख्ख कळलं. हा जबाब दिला तर भाऊ हरणार. हरला की नारळ मागणार, मान फिरवणार आणि संक्रांतीपर्यंत चुना लावून घरात बसणार. हरलेल्या यशवंतरावाला आजवर कुणी कुठे नेऊ शकलं नव्हतं. उलट जिंकलेल्याला मात्र बोजारा द्यावाच लागतो. आबांनी तसं घालूनच दिलं होतं.

"बोल रे दाद्या," कुणीतरी ओरडलं.

दादाजीने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. डोकं खाजवलं. हे सोंग करायला त्याला किती जड गेलं ते त्यालाच ठाऊक. ऑपरेशनच्या टेबलावर चढताना त्याला इतकं जड गेलं नव्हतं. डफडं थांबलं. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत राहिलं.

"नाही सुचून राह्यलं," तो म्हणाला.

मग जो गोंधळ झाला त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. यशवंतरावाला लोकांनी खांद्यावर घेतलं. त्याचे बैल आधी तोरणाखालून गेले. दादाजीचा मुलगा प्रवीण बापाजवळ येऊन हळूच म्हणाला, "तब्येत बरी हाय ना, बाबा?" दादाजीने त्याच्या हातात कासरा दिला आणि नाक शिंकरलं.

रिवाजाप्रमाणे दादाजीची जोडी सगळ्यांत आधी यशवंतरावाच्या दारी गेली. कुसुमबाईने बैलांना ओवाळलं, पुरणपोळी भरवली. तिचा चेहरा उतरला होता; दादाजीने शब्द दिला आणि तो हरला, एवढंच तिला दिसत होतं. यशवंतराव ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. मागे भिंतीवर आबांचा फोटो, त्याला ताजा हार. आजूबाजूला अर्धं गाव.

"माग रे," यशवंतराव मोठ्या मनाने म्हणाला. "नारळावर नोको थांबू. गोऱ्हा मागशील तं गोऱ्हा देतो."

"गोऱ्हा नोको, भाऊ."

"मंग काय पाह्यजे?"

"तू पाह्यजे," दादाजी म्हणाला. "उद्या माह्यासंग आदिलाबादले चाल. डॉक्टरले रगत दे. येवढाच माहा बोजारा."

यशवंतरावाचं हसू जागच्या जागी थिजलं. त्याने आधी धाकट्याकडे पाहिलं, मग कुसुमबाईकडे, मग नकळत मागे वळून आबांच्या फोटोकडे. जिंकून बसलेला, भरल्या लोकांत गोऱ्हा देऊ केलेला माणूस. तो नाही कसं म्हणणार? त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"देल्ला," तो म्हणाला.

कुसुमबाईने ओवाळणीचं ताट तिथेच खाली ठेवलं आणि पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी उटनूरवरून जाणाऱ्या बसमध्ये दोघे भाऊ शेजारी बसले. यशवंतराव वाटभर बोलला नाही. दवाखान्यात रक्त दिलं, मग डॉक्टरने त्याला आत घेऊन मागच्या वाटेने बोट घालून तपासलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या मिशा खाली वळल्या होत्या.

"दाद्या, हे तू सांगतलं नव्हतं."

"सांगतलं असतं तं तू आला असता का?"

यशवंतराव त्यावर हसला नाही. पण परतीच्या बसमध्ये त्याने दोघांसाठी भजी घेतली. तेवढ्यावरून दादाजीने ओळखायचं ते ओळखलं.

आकडा वाढलेलाच निघाला. डॉक्टरने सांगितलं की नुसता आकडा म्हणजे आजार नव्हे, पुढे बघू. पुढे बघितलं. यशवंतरावाचं सारखं उठणं ग्रंथी फुगल्याने होतं, वयाचं होतं. पण तिच्याच एका बाजूला वेगळी लहानशी गाठ होती, धाकट्याला झाली तसलीच. बाहेर पडलेली नव्हती. हाडांचा फोटो स्वच्छ होता. डॉक्टरने तो उजेडावर धरला आणि म्हणाला, "टाइम पे आ गए." दादाजीने तिथेच खुर्चीवर बसून घेतलं. स्वतःच्या वेळी त्याला असं झालं नव्हतं.

तूर निघायच्या सुमारास यशवंतराव हैदराबादहून ऑपरेशन करून घरी आला. एका दुपारी त्याने दादाजीला बोलावणं पाठवलं. तो ओसरीवर तक्क्याला टेकून बसला होता, अंगावर सैलसा लेंगा. कुसुमबाई चहा ठेवून आत गेली.

"आता मलेबी पट्टी लागली," यशवंतराव म्हणाला.

"सुटन काही महिन्यात. माही आता सुटली."

"ते राहू दे. मले एक सांग." यशवंतरावाने आवाज खाली आणला. "त्या दिवशी तुह्याजवळ जवाब होता."

"नव्हता बावा."

"आबाच्या फोटोकडं पाहून सांग."

दादाजीने फोटोकडे पाहिलं. मग सवयीने त्याचा हात कानावर गेला. त्याने जबाब हळू आवाजात म्हटला.

"गळते तं गळू दे भाऊ, गळनारा जिता हाये,
न गळनारा बाप आपला भिंतीवर फोटो हाये."

यशवंतराव हसला नाही, रागावलाही नाही. तो मान वळवून फोटोकडे बघत राहिला, आणि बघता बघता त्याच्या मिशा थरथरू लागल्या. हुंदका गिळायला त्याने चहाची कपबशी उचलली आणि न पिताच धरून राहिला. दादाजीने ती काढून घेऊन खाली ठेवली.

"हे तू पोटात ठेवलं," शेवटी यशवंतराव म्हणाला. "साऱ्या गावाचं हसू खाऊन."

"ठेवलं."

"म्हंजे मी हरलो होतो."

"हरलाच होता, भाऊ. सपाट."

"मंग माहा बोजारा तुह्याकडं राह्यला." यशवंतराव तक्क्यावरून सरळ झाला. आवाजात जुना भारदस्तपणा आला. "मले हे झडती दे. येत्या पोळ्याले मी म्हनीन. पट्टी बांधून म्हनीन, अन कोनाकोनाच्या अंगठ्याले चुना हाय ते तोरनाखालीच पाहून घेईन."

दादाजी उत्तर द्यायला गेला आणि त्याला काहीच सुचलं नाही. या खेपेला ते सोंग नव्हतं. त्याने नुसती मान हलवली, खाली वाकला आणि भावाचे पाय धरले. अंगठे स्वच्छ धुतलेले होते.